ब्रूनोचा कायदा

नशेचा डोस जास्त होऊन पडलेल्या माणसाच्या नाकात फवारायचं औषध प्रत्येक पोलीसगाडीत ठेवायचा कायदा करा, हे सांगायला वेर्ना ब्लेव्हिन्स अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियाच्या डोंगरातून तीन तास गाडी हाकत राज्याच्या राजधानीत आली. तिचा मुलगा डस्टिन त्या औषधानं दोनदा वाचला होता, दोन्ही वेळा शेजारणीच्या कृपेनं. तिसऱ्या वेळी शेजारीण घरात असेलच याचा काय भरवसा?

"कायद्याला नाव लागतं, ताई," आमदार थर्मंड हळव्या आवाजात म्हणाले. "गेलेल्या लेकराचं नाव असलं की सभागृह पाझरतं. तुमचा मुलगा कधी गेला?"

"गेला कुठं? खाली गाडीत बसून बर्गर हाणतोय."

"अरेरे!" आमदारांच्या तोंडून निघून गेलं.

त्याच महिन्यात जप्त केलेली नशेची पूड हुंगताना शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचा, कुत्रा ब्रूनो दगावला. सगळं सभागृह हुंदके देऊन रडलं आणि 'ब्रूनोचा कायदा' एकमतानं पास झाला. आता प्रत्येक पोलीसगाडीत औषध असणार होतं, पण ते फक्त पोलिसांच्या कुत्र्यांसाठी.

समारंभात आमदारांनी सहीचं पेन आठवण म्हणून वेर्नाच्या हातात ठेवलं. "बघा ताई, सुरुवात तुम्हीच केलीत!"

वेर्ना ते पेन घेऊन तशीच शेरीफसमोर जाऊन उभी राहिली.



"साहेब, ब्रूनोच्या जागेचा अर्ज द्या. माझा डस्टिन सत्तावीसचा आहे, चावत नाही, आणि ही असली पूड तर मैलभरावरून हुंगून काढतो."