उंबरठ्याच्या जरा अलीकडे

“उद्यापासून माझं ताट खोलीतच आणत जा,” बाबांनी सकाळी सांगून टाकलं. कंपवातामुळे त्यांचे पाय स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी खिळून जात. मग लेक दंड धरून ओढायची आणि ते म्हणायचे, “मी काय हातगाडी आहे?”

दुपारी प्रयोगशाळेत विमानाच्या पंखावर चिकटवलेले लोकरीचे धागे पुन्हा फडफडू लागले. म्हणजे वाहती हवा पंखाला सोडून चालली होती. पंखाच्या पाठीवरच्या बारीक फटींतून फुंकर मारून तिला धरून ठेवायचं, हेच लेकीचं संशोधन.

“ताई, फुंकरीचा जोर वाढवू?” सहकाऱ्याने विचारलं.

“नको. एकदा सुटली की नुसता जोर लावून फार उपयोग नाही. ती सुटते त्याच्या जरा अलीकडची फट उघड. हलकी फुंकर पुरे.”

धागे पंखाला टेकून निमूट पडून राहिले. ती मात्र बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती.

संध्याकाळी बाबांना जेवायला आणताना तिने दंड धरलाच नाही. उंबरठा दोन पावलांवर होता, बाबांचे पाय अजून चालते होते, तेव्हाच तिने त्यांच्या कोपराला हलकेच एक बोट लावलं.

बाबा सरळ टेबलापाशी आले. खुर्चीत टेकल्यावर त्यांनी वळून दाराकडे पाहिलं.

“उंबरठा काढून टाकलास होय गं?”