मधली बैठक

“फर्मा पाहून काप वो बाई, हा पत्ता अर्ध्या बोटानं आखूड हाय!” विड्या वळणारा दुधराम आपल्या ओळीतून ओरडला.

“तुहेच बोटं वाढले असतील, दुधरामभाऊ,” कैची न थांबवता अनुसयाबाई म्हणाली आणि तिन्ही ओळी हसल्या.

वर्षामागं हे हसू शक्य नव्हतं. गोंदियातल्या त्या विडी कारखान्यात तेव्हा बांबूच्या तट्ट्या उभ्या होत्या. एका तट्टीमागं फर्म्याच्या मापानं पत्ता, म्हणजे तेंदूचं पान, कापणाऱ्या बाया, दुसरीमागं वळणारे, तिसरीमागं विड्यांचे कट्टे बांधणारे. पत्ता आखूड आला की वळणारे बायांच्या नावानं बोटं मोडायचे. विडी ढिली निघाली की बांधणारे वळणाऱ्यांच्या नावानं. तोंडं मात्र कोणी कोणाची पाहिली नव्हती.

तट्ट्या काढल्या त्या केशोराव मुनिमांनी. मालकाला त्यांनीच पटवलं. तिन्ही ओळी घोड्याच्या नालासारख्या मांडल्या, सगळ्यांची तोंडं आत. छपरात काचेची कौलं बसवली, कामावर चांगला उजेड पडावा म्हणून. मधोमध स्वतःची गादी, तिन्ही ओळी समोर दिसतील अशी. पत्ता हातोहात फिरू लागला, खराब विडी निम्म्यानं घटली. बायांच्या ओळीत गाणं उठायचं आणि ते पुरं व्हायचं समोरच्या ओळीत:

पान कापू किती बाई, रान झालं उघडं,
बंधू माहा रानामंदी, त्याले पांघरू लुगडं.

केशोरावांना ते गाणं कधी ऐकू आलं नाही. दहा सालांमागं तापात त्यांचे दोन्ही कान गेले होते. त्यांना काही सांगायचं तर पाटीवर लिहावं लागे, नाहीतर हातवारे करावे लागत. पाठीमागं डबा आपटला तरी त्यांची मान वळत नसे. त्यांच्या पुढ्यात बसून मालकाला खुशाल शिव्या देता येत. असा मुनीम नशिबानं मिळतो, असं सगळे म्हणत.

गाण्यातला बंधू खरा होता. बेचाळीसच्या दंगलीत एक चौकी जळाली, आतला शिपाई मेला आणि नाव लागलं अनुसयाबाईच्या धाकट्या भावाचं, खेमराजचं. सापडला तर फाशी. आता त्याला सारा कारखाना जगवत होता. वळणारे पोलिसांची खबर आणत, बाया लपायची जागा शोधत, बांधणारे माल पोचवायला जाता जाता भाकर देऊन येत. तट्ट्या असत्या तर हे जमलंच नसतं.

मग तो लपला होता त्या कुडव्यातल्या घरावर धाड पडली. खेमराज मागच्या दारानं निसटला. महिन्याभरानं नागझिऱ्याच्या रानातल्या खोपटावर धाड पडली. निसटला, पण पायात गोळी घेऊन. आता तिसऱ्यांदा त्याला पळता येणार नव्हतं.

“बांधणाऱ्यातलाच कोणी फुटला,” दुधराम म्हणाला.

“आमी जीव धोक्यात घालून भाकर नेतो, अन् आमीच चोर?” कट्ट्याचा दोरा तटकन तोडत सुकराम उठला. “तुह्या ओळीत पाह्य पहिले!”

“तोंड सांभाळ, सुकराम!”

“कायले सांभाळू?”

केशोरावांनी दोन्ही हात वर करून त्यांना खाली बसवलं आणि काय झालं म्हणून भाबड्या चेहऱ्यानं पाटी पुढं केली. सुकरामनं ती बाजूला सारली. त्या दिवसापासून गाणं बंद झालं. ओळी एकमेकींकडं पाहीनात. तट्ट्या होत्या तेच बरं होतं, असं बायाही बोलू लागल्या.

अनुसयाबाईनं मग कारखान्यातच, बसल्या जागी, एक केलं. बायांना हळूच सांगितलं, भाऊ आमगावले हाय. दुधरामच्या ओळीत सांगितलं, तिरोड्याले हाय. सुकरामच्या ओळीत सांगितलं, सालेकशाले. तिन्ही खोटं; एका ओळीला सांगितलेलं गाव दुसरीला ठाऊक नाही. ज्या गावी पोलीस जातील, त्या ओळीत घरभेदी.

आठ दिवस गेले. पंधरा गेले. तिन्ही गावांत पोलीस फिरकलासुद्धा नाही.

भर दुपारी अनुसयाबाईनं कैची खाली ठेवली. पदरानं डोळे पुसले. “दुधरामभाऊ, सुकराम, मले माफ करजा,” ती म्हणाली. “आपल्यातला कोनीच नाई. मी उगाच वाईट मनात आनलं.”

“रडून काऊन राहिली वो?” सुकराम म्हणाला. “आमीबी तेच करून राहिलतो.” त्यानं दुधरामकडं तंबाखूची डबी सरकवली. कोणीतरी गाण्याची पहिली ओळ धरली.

खेमराजची बायको नंदाबाई समोर कट्टे बांधत होती. नवऱ्याच्या पायाला पू धरला होता. औषध आज ना उद्या पोचायलाच हवं होतं. अनुसयाबाईनं तिची नजर पकडली. विश्वास बसला होता, तरी जीव भावाचा होता. तिनं घशातून आवाजच काढला नाही. गाणं चालू असताना नुसते ओठ हलवले, एकेक अक्षर सावकाश.

दरेकसा. टेकडीवरची कपार. सकाळच्या गाडीनं जाय.

नंदाबाईनं पापणी लववली. अनुसयाबाईच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या बाईलाही काही कळलं नाही. मधल्या गादीवर केशोराव हातात टाक घेऊन बसले होते.

सकाळी नंदाबाई दरेकशाला उतरली. पदराखाली हळद, चिंध्या आणि औषधाची बाटली. फलाटाच्या टोकाला खेमराज उभा होता, दोन्ही हात दोरखंडानं बांधलेले. तो तिच्याकडं पाहत नव्हता.

मागं इंजिन कान फोडत वाफ सोडत होतं. त्या आवाजात फौजदार काय बोलला ते नंदाबाईला ऐकू आलं नाही, जवळच्या शिपायालाही नाही. त्याचे ओठ तेवढे हलले.

बाकावर बसून त्या ओठांकडं पाहणारे केशोराव मुनीम लगेच म्हणाले, “हो, हीच त्याची बायको.”