दुसरं नाव

“पसंतीक्रमाचं मतदान म्हणजे नुसता गोंधळ,” महापौर लिंडक्विस्ट भर सभेत हसत म्हणाला. “मतपत्रिकेवर एक नाव पुरतं.”

“तुम्हाला पुरणारच!” मार्लिस हेगडाल उसळली. “मतं फुटायची आणि तुम्ही निवडून यायचात. आता गरिबाला दोन नावं देता येतात. एक आपल्या माणसाचं, दुसरं तुम्हाला पाडणाऱ्याचं. आपला माणूस बाद झाला, तर मत दुसऱ्या नावाला जातं.”

टाळ्या पडल्या. तो पाडणारा, तिसरा उमेदवार पाओ यांग, पलीकडच्या खुर्चीत बसला होता.

आपण उभ्या असलो तरी जिंकणार नाही हे मार्लिसला माहीत होतं. तिला नदीकाठची वस्ती वाचवायची होती. चाकांवरची सातशे पत्र्याची घरं, त्यातल्या एकात तिची आई. लिंडक्विस्ट पुन्हा निवडून आला की बुलडोझर येणार, त्या जागी गोदामं उभी राहणार. लोकांना शहराबाहेर फ्लॅट देतो म्हणे. आमिष, दुसरं काय!

महिनाभर ती दारोदार फिरली. “पहिलं नाव माझं, दुसरं यांगचं. विसरायचं नाही.”

“पहिलं तुझंच गं, सांगायला हवं का?” म्हातारा ड्वेन धापा टाकत म्हणाला. “पाण्यासाठी तू एकटी भांडलीस आमच्याकरता.”

“आणि दुसरं?”

“कॉफी घे आधी. गार होतेय.”

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मोजणी झाली. लिंडक्विस्ट पुढे, पण जिंकायला लागणाऱ्या निम्म्या मतांहून थोडा कमी. यांग नऊशेंनी मागे. मार्लिस शेवटची, म्हणून बाद. आता तिच्या चौदाशे मतपत्रिकांवरची दुसरी नावं मोजायची होती.

“घाबरू नकोस,” ती यांगला म्हणाली. “माझी माणसं आहेत ती.”

पडद्यावर आकडे आले. यांगला एकशे चाळीस. लिंडक्विस्टला बाराशेच्या वर.

यांगने तिच्याकडे पाहिलं. “तुझी माणसं?”

ती तडक वस्तीत गेली. आई घरातही ओव्हरकोट घालून बसली होती.

“चोरली गं आपली मतं!” मार्लिस रडत ओरडली. “सगळीच्या सगळी त्या हरामखोराच्या पदरात टाकली. मी कोर्टात जाणार. वस्तीतला एकेक माणूस साक्षीला उभा करणार. तू पहिली!”

आईने तिला जवळ बसवलं, डोळे पुसले.

“कोणी चोरली नाहीत. पहिलं नाव तुझंच दिलं मी. सगळ्यांनीच दिलं. पण पोरी, या पत्र्यात आणखी एक हिवाळा नाही गं काढायचा मला.”