वर कुठला देव?

"वर कुठला देव आहे गं?" व्हर्जिनियातल्या डोंगराच्या पायथ्याशी सुवर्णाआत्याने विचारलं. ती नागपूरहून पहिल्यांदाच आली होती.

"देव नाही, आत्या. ओन्ली व्ह्यू," इथेच वाढलेली अनन्या म्हणाली.

"मग एवढं चढायचं कशाला?"

अनन्याचं तोंड एवढंसं झालं. आपली लाडकी जागा आत्याला दाखवायची हौस तिचीच होती.

धापा टाकत, कुरकुरत आत्या झाडीतून चढली. झाडी संपली आणि समोर वाऱ्यावर डुलणारं गवताळ रान पसरलं, त्यापलीकडे निळ्या डोंगरांच्या रांगाच रांगा. आत्या थबकली. मग खाली बसून तिने बूट काढले.

"पाय दुखतात? परत जायचं?"

"छे गं! आत जायचंय ना? बूट घालून कसं जाणार?"