गच्ची मोजणीत आली

गच्चीला काचा बसवल्यानंतरचं पहिलं मोजमाप होतं. तिनं उजेड मोजायचं यंत्र टेबलाच्या उंचीवर धरलं आणि आकडा वाचून दाखवला. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाचा चेहरा खुलला.

इमारतीला हरित इमारतीचं प्रमाणपत्र हवं होतं. माणसं दिवसभर वावरतात त्या खोल्यांत पुरेसा उजेड लागतो, आणि या मजल्यावर तो कमी भरत होता. याच मजल्याची गच्ची उन्हानं भरून जायची, पण उघडी जागा म्हणजे खोली नव्हे. तिचा उजेड हिशेबात धरत नाहीत. उजेडाची सल्लागार म्हणून बैठकीत हे तिनंच समजावून सांगितलं होतं. मग गच्ची काचेनं बंद करून बसायची खोली करायची, हे हातातला चहा संपायच्या आत ठरून गेलं. निदान खिडक्या उघडत्या ठेवा, असं ती म्हणाली होती. म्हातारी माणसं, कोणी वाकलं तर, असं व्यवस्थापकानं विचारलं. ते खोटंही नव्हतं. काचा कायमच्या बंद बसल्या.

"एवढा उजेड फुकट जात होता, मॅडम," तो आता म्हणाला. "लावला की नाही कामाला?"

तेवढ्यात आश्रमात काम करणाऱ्या मावशी, तिथंच राहणाऱ्या तिच्या वडिलांची चाकाची खुर्ची ढकलत आल्या. ते रोज सकाळी इथंच बसत. काम चालू होतं तेवढे दिवस मात्र खोलीतच होते. पक्षाघातानंतर त्यांच्याजवळ शब्द थोडेच उरले होते. त्यांनी चालता हात पुढे केला. तो काचेला टेकला.

"बाहेर ने," ते लेकीला म्हणाले.

"अहो आजोबा, बाहेरच तर आणलंय," मावशी हसल्या. "सकाळपासून जीव खाल्लात माझा."

बाबांनी मावशींकडे पाहिलंच नाही. ते लेकीकडे बघत राहिले. इमारतीला दुसरी मोकळी जागा नव्हती. खाली दाराला लागूनच गाड्यांचा रस्ता होता.

तिनं यंत्र पर्समध्ये टाकलं आणि खुर्ची वळवली. बाबांच्या खोलीवरून पुढं, लिफ्टपर्यंत नेली. बटण न दाबता तिथं जरा वेळ उभी राहिली. मग खुर्ची त्याच वाटेनं परत आणली आणि या वेळी काचेपासून लांब, मधोमध लावली.

"आलो बाहेर, बाबा."

त्यांनी मान डोलावली. एका हातानं शर्टाचं वरचं बटण सोडलं, चेहरा वर केला, डोळे मिटले आणि वारा यायची वाट पाहू लागले.