रोजची एक गाठ

सर्जन रोज सकाळी हॉस्पिटलला निघण्याआधी लाकडी जहाजाच्या मॉडेलपाशी बसत, चिमट्याने डोलकाठीच्या दोऱ्यांत एकच गाठ मारत आणि उठत. सहा वर्षं झाली, तरी निम्मे दोरे मोकळेच होते.

"अहो, सुट्टीच्या दिवशी दहा-वीस मारून टाका की!" बायको चिडवायची. "या चालीने जहाज पुरं करायला पतवंडं बसवावी लागतील."

"मला एक पुरते."

आज दोरा तीनदा निसटला.

"राहू द्या, संध्याकाळी बघा," ती म्हणाली.

सर्जननी चिमटा खाली ठेवला, आपल्या बोटांकडे जरा वेळ पाहिलं आणि हॉस्पिटलला फोन लावला.

"आजची ऑपरेशनं धाकट्या डॉक्टरांकडे द्या. हो, उद्याचीही. यापुढची सगळीच."