साधं ऑईल

“सिंथेटिक न्या काका, मग लवकर पाहायचं काम नाही,” गुलाबरावांनी चकचकीत डबा काउंटरवर ठेवला.

शामरावांनी तो एका बोटाने मागे सरकवला. “मले साधंच द्या.”

गुलाबराव मूळचे अमरावतीकडचे, सदर बाजारात गाड्यांच्या सामानाचं दुकान टाकून बसलेले. रायपूर राजधानी झाल्यापासून गिऱ्हाईक कसं सुधारलं, हे सांगायची त्यांना भारी हौस. साधं ऑईल दोन हजार किलोमीटरला काळं पडतं, सिंथेटिक त्याच्या तिप्पट चालतं, इंजिनही तापत नाही, असं त्यांनी परोपरीने समजावलं. शामरावांची उभी हयात रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत गेलेली. त्यांना वंगणातलं कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण त्यांनी मान हलवली आणि पुन्हा साधंच मागितलं.

“गाडी नाही आणली काहून?” गुलाबरावांनी डबा बांधताना विचारलं.

“या गर्दीत उभी कुठं करू?” शामराव म्हणाले आणि गुडघा सांभाळत रिक्षात चढले.

हा हट्ट कंजूसपणाचा नव्हता. ही मोटरसायकल त्यांच्या मुलाची, यशदीपची. नोकरी लागल्यावर हौसेने घेतलेली. नागपूरला बदली झाली तेव्हा ती वडिलांकडे सोडून जाताना त्याने बजावलं होतं, खुशाल चालवा, पण कुण्या मिस्त्रीला हात लावू देऊ नका, ऑईल मी येऊन बदलेन. सरलाबाई होत्या तोवर त्याला यायला कारण लागत नव्हतं. आई गेली, आणि ‘ये’ म्हणायला बापाला निमित्त लागू लागलं. मीटरचा आकडा भरला की शामराव फोन करत, “दोन हजार झाले रे,” आणि येत्या रविवारी मुलगा दारात. तिप्पट टिकणारं ऑईल घातलं तर तो तिप्पट उशिरा येणार. शामरावांना मुलगा हवा होता. इंजिनाचं त्यांना काही पडलं नव्हतं.

संध्याकाळ झाली की ते गाडीपाशी खुर्ची टाकून तासन् तास बसत. गाडी स्टँडवर, इंजिनाखाली लाकडी ठोकळा, पुढचं चाक अधांतरी. रेडिओ लावायचा, फडकं घ्यायचं आणि चाक फिरवत फिरवत तारा पुसायच्या. शेजारच्या कुसुमताई कुंपणावरून चिडवत, “आमची सासू जात्यावर बसे, तसे बसता तुम्ही.” शामराव हसत आणि चाकाला आणखी एक हात देत.

रविवारी यशदीप आला. ‘जय भीम बाबा’ म्हणत पाया पडला आणि पिशवीतून एक डबा काढून त्याने ओट्यावर ठेवला. तोच चकचकीत डबा. शामरावांचा चेहरा उतरला.

“नीलिमानं दिला,” यशदीप म्हणाला. बायकोचंही चुकत नव्हतं. पोरगी लहान, घरात ती एकटी, आणि हा दर दीड-दोन महिन्यांनी ऑईलसाठी रायपूरला पळतो. एकदाच चांगलं ऑईल घालून मोकळे व्हा, असं तिचं म्हणणं.

“मग घालतो का ते?” शामरावांनी विचारलं. आवाज शक्य तितका सहज ठेवला.

“पाहू. जुनं काढून पाहतो आधी. त्याच्यावर ठरवू.”

गाडी सुरू व्हायला बऱ्याच किका लागल्या. इंजिन जरा गरम होऊ दिलं, खाली पसरट पत्र्याचं टोपलं ठेवलं आणि वडिलांकडे न पाहता म्हणाला, “बाबा, चहा टाका ना.”

शामराव आत गेले. चहात साखर घातली की नाही हेही त्यांना आठवेना. बाहेर पाना खणखणला. आता पोरगा वाकून टोपल्यात बघेल, आणि सगळं संपेल. मग दिवाळी आणि आंबेडकर जयंती, वर्षातून दोनच खेपा.

ते कप घेऊन आले तेव्हा टोपलं वर्तमानपत्राने झाकलेलं होतं.

“पार डांबर झालं बाबा,” यशदीप हात पुसत म्हणाला. “तुम्ही लय गाडी चालवून राहिले. आणि या इंजिनाले साधंच मानवते. नीलिमाले मी सांगतो. आता असं करू, दोन हजार कशाले, हजारालेच बदलत जाऊ.”

शामरावांनी कप त्याच्या हातात दिला. मुलगा जेवला, दुपारभर आईच्या खाटेवर पडला, पोरीच्या गमती सांगत राहिला. एरवी जाताना तो काढलेलं ऑईल स्वतःच कोपऱ्यावरच्या गॅरेजात टाकून येई. आज गप्पांत उशीर झाला. नागपूरची रेल्वे गाठायला तो धावतच निघाला. फाटकातून ओरडून सांगून गेला, “टोपल्याले हात लावू नका, पुढच्या वेळी मी पाहतो.”

तो वळणाआड गेल्यावर शामराव ओट्यावर टेकले. आनंद झाला होता, पण गोंधळ त्याहून मोठा होता. गुडघा गेल्यापासून ही गाडी फाटकाबाहेर पडलीच नव्हती. मीटरची तार पुढच्या चाकाला असते. सगळे किलोमीटर त्यांनी रोज संध्याकाळी या खुर्चीत बसून हातानेच घातले होते. मग ऑईल काळं कसं पडलं?

ते वाकले आणि त्यांनी टोपल्यावरचा कागद उचलला.

आत ऑईल होतं, मधासारखं पिवळं, टोपल्याचा तळ दिसेल इतकं स्वच्छ.